रणगाडा आणि महिन्याचे बारा डबे

इंजिनाच्या धुराड्यातून कसला धूर निघतोय, एवढं रस्त्यावरून बघितलं तरी त्या घरात काय चाललंय ते मी सांगू शकायचो. निळा धूर म्हणजे वंगण जळतंय, मालक हयगय करतोय. काळाकुट्ट धूर म्हणजे इंजिनावर ताकदीबाहेरचं काम लादलंय, मालक हावरा आहे. आणि धूर दिसतच नसेल, धुराड्याच्या तोंडावर नुसती हवा थरथरत असेल, तर त्या घरी चहा मागायला हरकत नाही, सगळं ठीक चाललंय. चाळीस वर्षं मी या धुरामागं हिंडलो. माझं नाव इस्माईल, पण सांगलीपासून माणदेशापर्यंत मला सगळे नुसतं 'मिस्त्री' म्हणत. आता तर घरात बायकोही तेच म्हणते.

या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की लढाईच्या काळातलं काहीतरी लिहा. आता पंचाईत अशी, की मी लढाई पाहिलेली नाही. लढाईनं वापरून टाकून दिलेलं एक इंजिन मात्र पाहिलंय, आणि त्याच्यापायी मला भर गावात माझ्या वयाला न शोभणारी एक शिक्षाही झाली. तेवढं चालत असेल तर सांगतो.

आधी धंद्याचं दोन शब्दांत. त्या वेळी आमच्या भागात वीज म्हणजे शहरातल्या चार रस्त्यांची चैन. खेड्यात कुणी घरी लोखंड कातायचा लेथ टाकला, पिठाची गिरणी घातली, यंत्रमाग लावले, तर त्यानं आपलं इंजिन आपण बाळगायचं. तेलाला लोक 'क्रूड' म्हणत. ते पत्र्याच्या डब्यातून मिळायचं, तेही मामलेदार कचेरीच्या परवान्यावर, मोजून. लढाई संपली तरी परवाना काही संपला नव्हता. त्यामुळं माझ्याकडं येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "मिस्त्री, एका डब्यात किती चालंल?" इंजिन कुठल्या कंपनीचं, किती ताकदीचं, हे नंतर. बायको निवडताना तरी माणसं चार गोष्टी बघतात, इंजिन घेताना एवढी एकच बघायची.

माधवनगरला एका विणकराच्या घरात चार माग होते. ऐन लढाईत त्याचं तेल संपलं आणि व्यापाऱ्याचा माल तर अंगावर आलेला. गड्यानं सरळ शेंगदाण्याचं तेल गाळून इंजिनात ओतलं. आणि इंजिन चाललं! खोटं नाही सांगत, झकास चाललं. फक्त धुराड्यातून असा खमंग वास सुटला, की त्या गल्लीत त्या दिवशी घरोघरी भजी झाली. त्याची म्हातारी आई दारात बसून कपाळाला हात लावत होती, "आमच्या कालवणाला तेल न्हाई, आन् ह्यो मुडदा इंजिनाला फोडणी देतोय!" चौथ्या दिवशी तेल फवारायची तोटी चिकटून बसली, तेव्हा मला बोलावणं आलं. तोटी मी साफ केली, पण हसण्यानं हात स्थिर राहीना.

आता त्या रणगाड्याची गोष्ट.

लढाई संपून वर्ष होऊन गेलं होतं. सरकारनं लष्कराचं उरलंसुरलं सामान लिलावात काढलेलं. तंबू, बूट, मोटारी, काय वाटेल ते. सांगलीतल्या एका भंगारवाल्या शेटनं मला बोलावलं. म्हणाला, "म्हसवडच्या अलीकडं एक गाव आहे. तिथल्या एका पेन्शनीत निघालेल्या हवालदारानं लिलावात भलंमोठं जनरेटर घेतलंय. वर विजेच्या दोन मोटारी आणि वेल्डिंगचं यंत्र. आता तेलाच्या खर्चानं त्याचं कंबरडं मोडलंय, विकायला तयार आहे. तुम्ही पुढं जाऊन बघून या. आणि हे बघा मिस्त्री, इंजिन खलास झालंय असं सांगितलंत तर किंमत खाली येईल. मग त्यातली एक मोटार तुमची."

मोटार! मला तेव्हा स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं, आणि दहा घोड्यांची विजेवरची मोटार म्हणजे माझ्यासारख्याला स्वप्नच. मी हो म्हणालो. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात, पण हो म्हणालो.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. चढ आला की आम्ही उतारू खाली उतरून ढकलायचो, उतार आला की देवाचं नाव घेऊन बसायचो. गाव मैलभर लांब असतानाच धडधड ऐकू यायला लागली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "हवालदाराचा रणगाडा. दिस उगावला की सुरू, मावळला की बंद. आमच्या गावात आता घड्याळ नको, कोंबडा नको."

घराला लागून पत्र्याचं शेड. आत चाळीस घोडे ताकदीचं, चार सिलिंडरचं ते जनरेटर, हिरव्या रंगाचं, आमच्या सर्व्हिस मोटारीपेक्षा चार बोटंच लहान. त्याच्या जोरावर काय चाललं होतं? तर एक लेथ. त्याला दोन घोडे पुरतात. आणि भर दुपारी लख्ख उन्हात जळणारा एक दिवा. लेथवर बैलगाडीच्या चाकाची एक लोखंडी बुशी फिरत होती. जवळ हवालदार उभे. खाकी अर्धी चड्डी, पिळदार मिशा, डोक्यावर पलटणीची टोपी. यशवंतराव त्यांचं नाव, पण गाव त्यांना हवालदारच म्हणे.

धुराड्यातून करडा धूर येत होता आणि त्याच्या सांध्यातून डांबरासारखा चिकट काळा ओघळ खाली टपकत होता. मला एका नजरेत कळलं. इंजिनाला काडीचाही रोग नव्हता. त्याला पोटभर काम नव्हतं, एवढंच. मोठं इंजिन नुसतं रिकामं फिरत ठेवलं तरी स्वतःला फिरवण्यापुरतं तेल पितंच. त्यात ते नीट तापत नाही, म्हणून प्यालेलं तेलही पुरतं जळत नाही आणि ओघळून बाहेर येतं. हे सगळं मला दिसत होतं. आणि तरी मी घसा खाकरून म्हणालो, "हवालदार, इंजिन खलास आहे. भंगारच."

माणसाचा चेहरा असा उतरलेला मी क्वचित बघितला. त्यांनी इंजिनाच्या पत्र्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "बर्म्यात ह्याच्यावर आमचं हास्पिटल चालायचं. डाक्टर कापाकापी करायचा तवा टेबलावरला दिवा ह्याचा. दिस उगवल्यापास्नं मावळंपतूर इंजिन बंद पडायचं न्हाई, ह्यो हुकूम. साऱ्या लढाईत माझ्या पाळीत एकदाबी दिवा गेला न्हाई, मिस्त्री."

तेव्हा कळलं. तिथं तेल सरकारचं होतं. पिपांवर पिपं यायची, मोजतंय कोण? तिथली सवय इथं आली. काम असो वा नसो, दिवसभर इंजिन चालूच. परवान्याचे महिन्याचे बारा डबे मिळायचे, ते सहा दिवसांत फस्त. पुढचे चोवीस दिवस चोरबाजाराचं तेल, दीडपट दुपटीच्या भावानं. पेन्शनीत मिळालेली सगळी रक्कम धुराड्यातून वर चालली होती. शिवाय इंजिन सुरू करायला हँडल फिरवावं लागे, ते एकट्याचं काम नव्हे. त्यासाठी तालमीतले दोन पैलवान रोज सकाळी यायचे आणि हँडल मारून झालं की हौसावहिनींकडून शेर शेर दूध पिऊन जायचे. हौसाबाई म्हणजे हवालदारांची बायको. त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती याच तक्रारीसाठी. "भाऊ, इंजिनानं खाल्लं ते खाल्लं, वर ह्या दोघांनी माझी म्हस पिऊन टाकली!"

परतीची मोटार दुसऱ्या दिवशी होती, म्हणून मुक्काम पडला. सकाळी वहिनींनी परसात घोंगडी टाकून मला भाकरी, पिठलं आणि ताक वाढलं. समोर बसून राहिल्या. पलीकडं पैलवानांनी हँडल मारलं, दोन ठसके देऊन इंजिन लागलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मला यंत्रातलं काय कळत न्हाई. पर रोज ऐकती मी. मेलेलं इंजिन दोन ठसक्यात असं उठंल व्हय?"

मी भाकरी ताटात खाली ठेवली.

"हे इकलं, की ह्यांनी मुंबईला जायाचं. गिरणीच्या फाटकावर दरवान म्हून. पत्र आलंय, कोनाड्यात ठिवलंय. लगीन झालं आन् म्हैन्यात हे लढाईवर गेले. सा वरसं मी एकटीनं काढली. आता इंजिन ऱ्हाऊ दे, न्हाईतर जाऊ दे, पर ह्यो माणूस हितं ऱ्हायला पायजे. म्हून इचारती. खरं सांगा."

दहा घोड्यांची मोटार डोळ्यांसमोरून गेली. गेली ती गेली. मी म्हणालो, "वहिनी, इंजिन ठणठणीत आहे. मी खोटं बोललो." आणि शेटचं, मोटारीचं, सगळं सांगून टाकलं. ताकाचा पेला खाली ठेवला आणि म्हणालो, आता हाकलून द्या.

त्यांनी हाकललं नाही. नवऱ्याला हाक मारली आणि माझ्यासमोर जसंच्या तसं सांगितलं. हवालदार लाल झाले. मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण त्यांनी घड्याळ बघितलं आणि गरजले, "आमच्या पलटणीत असं करणाराला सामान डोक्यावर दिऊन पळवत्यात! उठा!"

इंजिनाचं हँडल चांगलं दहा-बारा शेर वजनाचं. ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी, सांगलीचा नामांकित मिस्त्री, धोतर सुटायच्या बेतात असताना शेडभोवती तीन फेऱ्या पळालो. कुंपणाला निम्मं गाव लागलं होतं. दूध प्यायला थांबलेले पैलवान ताल धरून टाळ्या वाजवत होते. "मिस्त्री, गुडघं वर! गुडघं वर!" तिसरी फेरी संपली तशी हवालदारांनी हँडल काढून घेतलं आणि मला मिठीच मारली. "हिसाब मिटला. आता बोला, करायचं काय?"

असा रोकडा न्याय मी पुन्हा कुठल्या कचेरीत पाहिला नाही.

मी माझी बाटलीची परीक्षा मांडली. ही माझी खास रीत. टाकीची नळी काढायची आणि तेलानं भरलेली एक बाटली उंच टांगून तिची नळी इंजिनाला जोडायची. मग घड्याळ लावून बसायचं, की बाटली किती वेळ पुरते. इंजिन रिकामं फिरवलं तेव्हा बाटली पंधरा मिनिटं पुरली. लेथ चालू केला, तरी जवळजवळ तेवढीच. मग वेल्डिंगचं यंत्र, लेथ आणि एक मोटार असं सगळं लादलं. बाटली साडेसहा मिनिटं.

हवालदार म्हणाले, "म्हंजी काम लादलं की तेल दुप्पट खातंय. तोटाच की!"

"दुप्पट खातं, पण काम दहापट करतं," मी म्हणालो, आणि आकडे मांडायला खडू काढला. पण वहिनींनी तेवढं थांबूच दिलं नाही.

"आवं, त्यात काय अवघड हाय? चूल पेटवायची, आन् एक भाकरी भाजून दिसभर जाळ तसाच ठिवायचा. तेच चाललंय तुमचं! जाळ लावला की पन्नास भाकरी एकदम भाजाव्या आन् चूल इझवावी."

चाळीस वर्षांत इंजिनाच्या खर्चाचा हिशेब मला याहून सोपा करून कुणी सांगितला नाही, मी पण कुणाला सांगू शकलो नाही. पुढं मी सगळ्या गिऱ्हाइकांना हीच भाकरी खाऊ घातली, आणि माझ्या नावावर खपवली, हे कबूल करतो.

आता प्रश्न एवढाच, की पन्नास भाकऱ्यांचं पीठ आणायचं कुठून? त्यावरही तोडगा वहिनींचाच. "इर्जिक घालायची," त्या म्हणाल्या. आमच्याकडं एखाद्याचं रान नांगरायचं मागं पडलं, की सगळा गाव आपापली बैलं घेऊन येतो आणि एका दिवसात ते रान उरकून टाकतो. संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. ही इर्जिक. "बैलांची घालत्यात, तशी इंजिनाची घालायची. आठवड्याच्या बाजाराला चौदा गावं येत्यात. चौदा गावचं काम त्या एका दिशी आणायचं. बाकीचे सा दिस रणगाड्यानं गप पडायचं."

बाजार चार दिवसांवर होता. शेटची लॉरीही त्याच दिवशी यायची होती. परवान्याचे तीन डबे शिल्लक होते. महिन्याचे बारा म्हणजे बाजाराला तीन. त्या तीन डब्यांत दिवसाचं काम भागलं, तर हवालदार गावात. नाही भागलं, तर रणगाडा लॉरीत आणि हवालदार मुंबईच्या गाडीत. वहिनींनी बजावून सांगितलं, "चोरबाजाराचा थेंब आणायचा न्हाई. हाय त्यात दाखवा."

चार दिवस आम्ही घासलो. गावच्या पिठाच्या गिरणीचं स्वतःचं इंजिन तेलावाचून महिनाभर बंद पडलं होतं. गिरणीवाल्यानं जातंच उचलून शेडमध्ये आणून मांडलं. त्याला मोठी मोटार जोडली. सुताराची लाकूड चिरायची गोल करवत होती, तिला धाकटी मोटार. माझी म्हणून जी येणार होती, तीच. मी स्वतःच्या हातानं तिचा पट्टा चढवला आणि तिला मनातल्या मनात रामराम केला. आसपासच्या गावांतून दवंडी दिली, की दळण आणा, मोडके नांगर आणा, गाडीच्या चाकाची लाकडं आणा.

आणि बाजारच्या दिवशी माणसं आली! देवा, किती आली! दळणाच्या पाट्या, फाळ मोडलेले लोखंडी नांगर, बाभळीचे ओंडके, मोटेची चाकं. एकजण घरातलं सगळं मोडकं लोखंड पोत्यात भरून आला, त्यात त्याच्या आजोबांची तलवार होती. शेडसमोर जत्राच भरली. पैलवानांनी लंगोट कसून हँडल मारलं, इंजिन लागलं, आणि लोकांच्या उत्साहात आमच्याकडून मोठा घोटाळा झाला. गिरणीवाल्यानं खटका ओढला, सुतारानं ओढला, त्याच क्षणी हवालदारांनी वेल्डिंगची कांडी लोखंडाला टेकवली. सगळं एकदम. रणगाड्यानं एक हंबरडा फोडला, दिवा विझल्यासारखा झाला, आणि धुराड्यातून काळ्या धुराचा लोट उसळून शेडमध्ये शिरला. बायकांनी पाट्या टाकल्या, बैलं दावी तोडून पळाली, सुतार करवतीवरून उडी मारून थेट उकिरड्यात. इंजिन बंद पडलं असतं, तर लोकांचा विश्वास उडून दिवसच हातचा गेला असता.

मी धावत जाऊन खटके पाडले. इंजिनानं दम घेतला. मग मी एका खोक्यावर चढलो आणि ओरडून सांगितलं, की आधी जातं, मग शंभर आकडे मोजून करवत, मग पुन्हा शंभर मोजून कांडी. शंभर मोजायला साऱ्या बाजारानं सुरुवात केली. म्हाताऱ्या बायका, गुराखी, विडीवाले, सगळे एका सुरात. "अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर!" आणि करवत गरगरली. पुन्हा शंभर, आणि कांडीची निळी ठिणगी पडली. इंजिनाचा आवाज जड झाला, पण एकसारखा. थोड्या वेळात ते चांगलं तापलं. मी मागं जाऊन धुराड्याकडं बघितलं. करडा धूर नाही, काळा ओघळ नाही. निळ्या आभाळात नुसती हवा थरथरत होती. मी टोपी काढून उडवली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर दृश्य कोणतं, असं कुणी विचारलं तर लोकांना महाबळेश्वर आठवतं. मला ते धुराडं आठवतं.

दुपारी शेटची लॉरी आली. शेट उतरला, गर्दी बघितली, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "काय हो मिस्त्री, हे मेलेलं इंजिन का?"

"शेट, मी मढं ओळखायला चुकलो," मी म्हणालो.

तो रागानं काही बोलणार, तेवढ्यात हवालदारांची नजर त्याच्या लॉरीकडं गेली. माणदेशच्या रस्त्यानं तिच्या मागच्या फळीची बिजागरी तुटून लोंबत होती. "लायनीत उभे ऱ्हावा. नंबर आला की जोडून देतो." आणि खरंच, एका नांगरवाल्याच्या मागं आणि एका विळेवाल्याच्या पुढं शेट दोन तास उभा राहिला. बिजागरी जोडून घेतली, वर वहिनींच्या हातची आमटी-भाकरी जेवला, आणि जाताना म्हणाला, "पुढच्या बाजारी माझ्या दुसऱ्या लॉरीचं काम पाठवतो." धंदेवाला माणूस तो, राग फार वेळ परवडत नाही त्याला.

दिवस दोन-अडीच तास वर असताना शेवटची पाटी दळून झाली. करवत थांबली, कांडी थांबली. इर्जिकीचं जेवण म्हणून परसात मोठ्या काहिलीत आमटी उकळत होती. मी टाकीत काठी बुडवून बघितली. अर्धा डबा तेल शिल्लक! मी ओरडलोच. तीन डब्यांत चौदा गावांचं काम, वर अर्धा डबा शिल्लक. पुढच्या बाजारी एखादं जास्तीचं काम आलं तर हाच अर्धा डबा उपयोगी पडणार होता.

"हवालदार, जिंकलो. करा बंद."

हवालदार इंजिनाजवळ ताठ उभे होते. हात इंजिन बंद करायच्या दांड्याजवळ, पण दांड्यावर नाही.

"दिस वर हाय, मिस्त्री."

"अहो, काम संपलं! आता नुसतं फिरत ठेवलं, तर मावळेपर्यंत हा अर्धा डबाही पिऊन टाकेल. दर बाजारी असंच झालं, तर महिनाअखेर पुन्हा चोरबाजार, आणि पुन्हा मुंबई."

"समजतंय मला," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "सगळं समजतंय. पर हात जात न्हाई. तिकडं माझी पाळी मावळंपतूर. मग एक मद्रासी नाईक बदलीला यायचा. त्यो समोर उभा ऱ्हायला की त्येला सगळा चार्ज द्यायचा, आन् मगच जागा सोडायची. बदली आल्याबिगर जागा सोडली त्यो पळपुटा. हितं आल्यापास्नं बदली येतच न्हाई. रोज मावळतीला मी वाट बघतो, येड्यावानी. कुनी येत न्हाई. मग गुमान बंद करतो, आन् चोरी केल्यासारखं वाटतं."

मी टाकीतली काठी पुसून कोपऱ्यात ठेवली.

हौसावहिनी काहिलीजवळून हे ऐकत होत्या. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला, हाताचं पीठ लुगड्याला पुसलं, पदर कमरेला खोचला, आणि शेडमध्ये येऊन नवऱ्याच्या समोर उभ्या राहिल्या. पाय जुळवून, मान वर करून. म्हणाल्या, "बदली हजर हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. हवालदार हसले नाहीत. ते बायकोकडं बघतच राहिले. मग त्यांच्या टाचा खाडकन जुळल्या.

"तेल अर्दा डबा. पानी बरुबर. वंगन बरुबर. दिवा चालू, दिसभरात येकदाबी गेला न्हाई."

"समजलं," वहिनी म्हणाल्या. "चार्ज घेतला. जावा आता घरला. हातपाय धुवा."

हवालदारांनी बायकोला कडक सलाम ठोकला. टोपी काढून काखेत घेतली, वळले आणि चालू लागले. घर वीस पावलांवर होतं. वहिनी तशाच ताठ उभ्या होत्या, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही. हवालदारांची पाठ दारातून आत गेल्यावर त्या हळूच मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यो दांडा वर करायचा का खाली?"

"खाली, वहिनी."

त्यांनी दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला. रणगाडा चार-पाच वेळा जड धापला आणि थांबला. मुंबईला मग कुणी गेलं नाही, पंधरा वर्षं दर बाजारी ते शेड भरत राहिलं. पण त्या वेळी त्या शांततेत आम्हा सगळ्यांना एकच आवाज ऐकू आला. घराच्या न्हाणीत कुणीतरी तांब्यावर तांब्या पायांवर पाणी घेत होतं.